गळ्याइतक्या पाण्यात

माणसाच्या आयुष्याचे पहिले नऊ महिने पाण्यात जातात, आणि त्याचा देह पुढे जेव्हा जेव्हा पाण्यात उतरतो तेव्हा जे काही घडते त्याचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो. गर्भाशयातील ज्या द्रवात गर्भ तरंगतो त्या गर्भजलाचे प्रमाण आठव्या महिन्याच्या सुमारास साधारण 800 मिलिलिटरपर्यंत पोचते. उत्तरार्धात त्याचा मोठा भाग गर्भाच्याच मूत्रातून तयार होतो, गर्भ ते गिळतो, आणि त्याची फुप्फुसेही द्रवाने भरलेली असतात. त्वचेवर शेवटच्या महिन्यांत पांढरट, मेणचट लेप चढतो आणि सतत पाण्यात असूनही तिचे रक्षण करतो. जन्मानंतर पहिल्या काही श्वासांबरोबर फुप्फुसांतील द्रव शोषला जातो, ओले अंग हवेत झपाट्याने थंड होऊ लागते, आणि जे पाणी आजवर घर होते ते यापुढे बाहेरून भेटायला येते.

ही भेट मराठी घरात पाटावर होत आली आहे. न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर घेते, आणि चोळूनमाखून झाल्यावर शेवटचे तांबे ओतते. पाणी तोंडावरून ओघळले की रडणारे बाळ क्षणभर श्वास रोखून धरते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी त्रिशाखी चेता नाकाभोवतीच्या ओल्या गारव्याची खबर देते आणि तिला उत्तर म्हणून श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात व रक्त हृदय आणि मेंदू यांच्यासाठी राखले जाते. या इच्छेविना घडणाऱ्या क्रियेला बुडीची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणता येईल. पाण्याखाली धरलेल्या बदकांचे ठोके मंदावतात, ही नोंद फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1870 मध्ये प्रसिद्ध केली. सील प्राण्यांत ही क्रिया फार प्रबळ असते, माणसात पुष्कळ दुबळी. तान्ह्या बाळात ती ठळक दिसते, परंतु तिच्यामुळे बाळ पाण्यात सुरक्षित राहते हा समज घातक आहे, कारण श्वास रोखूनही बाळ पाणी गिळू शकते आणि तोंड पाण्याबाहेर काढण्याचे बळ त्याच्या मानेत नसते.

पोहणे शिकण्याचे वय आले की गावाकडे पाठीला वाळलेले भोपळे किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून मुलाला विहिरीत उतरवतात. मानवी देहाची घनता पाण्याच्या घनतेच्या इतकी जवळ असते की छाती हवेने भरलेली असताना बहुतेक माणसे तरंगतात आणि पूर्ण उच्छ्वास टाकला की बुडू लागतात, त्यामुळे शिकाऊ मुलाला खरा आधार त्याच्या स्वतःच्या श्वासाचा असतो. आणि नेमका तोच श्वास पहिल्या उडीत त्याच्या ताब्यातून जातो. वैशाखात बाहेर 40 अंशांचा उन्हाळा असला तरी खोल विहिरीचे पाणी त्या मानाने बरेच गार राहते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून त्वचा एकाएकी गार पडते आणि शरीर अनावर असा एक मोठा श्वास ओढून घेते, त्यामागोमाग धाप लागते व हृदयाची धडधड वाढते. शीताघाताची ही प्रतिक्रिया पाणी 25 अंशांखाली जाऊ लागले की जाणवते, 10 ते 15 अंशांच्या पाण्यात अत्यंत तीव्र होते, आणि दोन-तीन मिनिटांत ओसरू लागते. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला, तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो. भीती मोडावी म्हणून मुलाला बेसावध असताना विहिरीत ढकलण्याची जी रीत अनेक ठिकाणी कौतुकाने सांगितली जाते, तिचा त्याग करण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे. धीटपणाचा येथे संबंध नाही; मुलाच्या इच्छेला त्या क्षणी विचारलेच जात नाही. उलट, गार पाण्यात दोन-तीन मिनिटे असे पाच-सहा वेळा वेगवेगळ्या दिवशी उतरले तरी ही प्रतिक्रिया जवळजवळ निम्म्याने कमी होते आणि तो सराव शरीर काही महिने टिकवून ठेवते.

तासभर डुंबून वर आलेल्या मुलाच्या बोटांना ज्या सुरकुत्या पडलेल्या असतात त्यांचे कारण कातडी पाणी पिऊन फुगते असे सांगितले जाई. मात्र हाताच्या चेतेला इजा झालेल्या रुग्णांच्या बोटांना अशा सुरकुत्या पडत नाहीत, हे ब्रिटिश वैद्यांनी 1930 च्या दशकातच पाहिले होते. पाणी लागल्यावर मेंदूशी जोडलेली चेतासंस्था बोटांच्या टोकांतील रक्तवाहिन्या आकसवते, आतला भाग आक्रसतो आणि वरची त्वचा दुमडते. 2013 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की सुरकुतलेली बोटे ओल्या वस्तू अधिक चपळाईने हाताळतात. नदीकाठी ओले धुणे पिळणाऱ्या बाईच्या आणि जाळे ओढणाऱ्या कोळ्याच्या हाताला देहाने दिलेली ही मदत आहे, असे मानायला जागा आहे.

प्रौढ वयात पाण्याशी संबंध बहुधा स्नानाचा उरतो, आणि कार्तिकातल्या पहाटे नदीत गळ्यापर्यंत उभा राहिलेला माणूस एका अत्यंत सूक्ष्म घडामोडीतून जात असतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे तो पायांवर सर्वाधिक आणि छातीवर कमी असतो. हा चढता दाब पायांतील व पोटातील रक्त वर लोटतो आणि सुमारे 700 मिलिलिटर रक्त छातीत येऊन साठते. हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, ताणली जातात, प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त वाढते, आणि रक्त गरजेहून जास्त झाले आहे असा अर्थ शरीर लावते. मग मूत्रपिंडांना पाणी व मीठ बाहेर टाकण्याचा आदेश मिळतो. पाण्यात उतरल्यावर लघवीची जी भावना सर्वांना होते आणि जिच्याविषयी संकोचाने कोणी बोलत नाही, तिचे मूळ येथे आहे. ताणलेली अलिंदे स्वतःच एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे द्रव्य, स्रवतात, हे कॅनडातील अडॉल्फो दे बोल्ड यांच्या 1981 च्या प्रयोगांनी पुढे आले आणि केवळ पंप समजले गेलेले हृदय ग्रंथीही आहे हे सिद्ध झाले. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या देहातील रक्तही असेच छातीकडे सरकते, म्हणून त्या अवस्थेच्या अभ्यासासाठी माणसांना तासन्तास पाण्यात ठेवले गेले आहे.

उतारवयात माणूस पुन्हा कोमट पाण्याकडे वळतो. गुडघे धरलेली माणसे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याच्या कुंडांकडे जातात, त्यामागे श्रद्धा असते आणि भौतिकशास्त्रही असते: कमरेइतक्या पाण्यात सांध्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, गळ्याइतक्या पाण्यात तो दशांशाच्या आसपास उरतो, आणि जमिनीवर न वळणारा पाय तेथे वळतो. पण ऊन पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, आणि पाण्याबाहेर येताच बाहेरचा दाबही एकदम नाहीसा होऊन रक्त पायांकडे उतरते. वृद्धांची चेतासंस्था हा बदल तितक्या त्वरेने सावरू शकत नाही, आणि घेरी येऊन पडण्याचे प्रसंग अशाच वेळी घडतात. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना कुंडावर नेणाऱ्यांनी त्यांना घाईने वर काढू नये; कमरेइतक्या पाण्यातल्या पायरीवर, नंतर काठावर, असे काही मिनिटे बसू द्यावे, प्यायला पाणी द्यावे, आणि मगच हात धरून उभे करावे. हृदयविकार असलेल्यांनी तर गळ्याइतक्या पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.