मालगुडीचा पत्ता

१९८६-८७ मध्ये दूरदर्शनवर लागलेल्या ‘मालगुडी डेज’मधला छोटा स्वामी आठवतो ना? आर. के. नारायण यांचं मालगुडी नकाशात शोधू नका. ते लेखकाच्या मनातलं गाव. पण दिग्दर्शक शंकर नाग यांनी ते कर्नाटकातल्या आगुंब्यात उभं केलं. तिथं तुम्हांला आजही जाता येईल.

शिमोग्याहून तीर्थहळ्ळीमार्गे घाटमाथ्यावर आगुंबे लागतं. पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात, तेव्हा दिवाळीनंतरच निघा. स्वामीचं घर म्हणजे तिथलं ‘दोड्ड मने’, अर्थात मोठं घर. लाकडी खांब, मधोमध चौक; वय शंभरीच्या पुढचं. घर खासगी आहे, विचारूनच उंबरा ओलांडा.

मालगुडीचं रेल्वे स्टेशन मात्र अरसाळूला. त्याची जुनी इमारत मोडकळीस आली होती. ती पाडली नाही, डागडुजी केली. २०२० पासून तिथं मालिकेचं संग्रहालय आहे.

आपल्याही गावात असा एखादा जुना वाडा असेल. कौलं उतरवण्याआधी एकदा चौकात उभं राहून पाहा. पडलेलं घर पुन्हा तसं उभं राहत नाही.