हातभरणीचे काडतूस

प्रॅक्टिकल शूटिंग म्हणजे धावत, वळत, आडोशाआडून एकामागून एक लक्ष्ये टिपण्याचा पिस्तुलाचा खेळ. त्यात नेमबाजाचे गुण नेमावर आणि वेळेवर तर ठरतातच, पण त्याच्या काडतुसाच्या जोरावरही ठरतात. १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. जोर मोजण्याची तिची रीत साधी आहे : गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यायचे (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम), त्याला फूट प्रतिसेकंदातल्या वेगाने गुणायचे आणि गुणाकाराला हजाराने भागायचे. येणाऱ्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. तो किमान १२५ असेल तर काडतूस ‘मायनर’ गटात बसते; ‘मेजर’साठी स्टँडर्ड विभागात १७० लागतात. लक्ष्याच्या मधल्या भागात लागलेल्या गोळीला दोन्ही गटांत पाचच गुण मिळतात, मात्र त्याबाहेरच्या पट्ट्यात मेजरला चार आणि मायनरला तीन, अशी तफावत पडते. नियमाने खालची मर्यादा घालून दिली आणि तिच्या वर जाणाऱ्याला मात्र काहीच बक्षीस ठेवले नाही, म्हणून त्या मर्यादेच्या किंचित वर, पण भरवशाने, उभे राहणे हेच हातभरणीचे, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या घरच्या प्रेसवर पुन्हा भरून काडतुसे तयार करण्याच्या कामाचे, खरे उद्दिष्ट ठरते.

कारखान्यातले काडतूस हरतऱ्हेच्या पिस्तुलांत चालावे म्हणून बनवलेले असते आणि त्यामुळे ते सहसा गरजेपेक्षा जोरकस असते. हातभरणी करणारा एकाच पिस्तुलासाठी आणि एकाच हातासाठी काडतूस जुळवतो. काडतुसाच्या चार घटकांपैकी प्राइमर (आघाताने पेटून दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी), दारू आणि गोळी एकदाच वापरता येतात, तर पितळी पुंगळी अनेकदा भरता येते. ही सोय बॉक्सर पद्धतीच्या प्राइमरमुळे झाली, कारण त्यात पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते आणि त्यातून सुई घालून जळालेला प्राइमर एका दाबात बाहेर ढकलता येतो. बॉक्सर ब्रिटिश होते आणि दोन छिद्रांची पद्धत काढणारे बर्डन अमेरिकी. तरीही अमेरिकेने बॉक्सरचा प्राइमर उचलला आणि युरोपात बर्डनचा रुळला, ही गंमत जाता जाता नोंदवण्याजोगी आहे. २२ बोअरच्या रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच पसरलेले असल्याने ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारात नेमबाजाला तयार काडतुसांतूनच आपल्या पिस्तुलाला मानवणारी निवडावी लागतात.

खरी निवड सुरू होते ती गोळीच्या वजनापासून. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात ११५ ग्रेनची गोळी ११३१ फुटांच्या वेगाने, १२४ ची १०५० च्या आणि १४७ ची ८८५ च्या वेगाने सोडली, तर तिन्हींचा पॉवर फॅक्टर जवळजवळ १३० च येतो. नियमपुस्तकाच्या दृष्टीने तिघी सारख्याच, पण मनगटाच्या दृष्टीने मुळीच नाहीत. धक्का केवळ गोळी देत नाही, तर नळीच्या तोंडातून प्रचंड वेगाने बाहेर पडणारा वायूही देतो. जड गोळीला तोच आकडा गाठायला दारू कमी लागते, वायू कमी निघतो आणि धक्का टोचण्याऐवजी ढकलल्यासारखा जाणवतो. ओपन विभागात मात्र हेच गणित उलटते, कारण तेथे नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर, म्हणजे वायू वर सोडून नळी खाली दाबणारा झरोक्यांचा तुकडा, बसवलेला असतो. त्याला वायू हवाच असल्याने नेमबाज हलकी गोळी आणि सावकाश जळणारी दारू मुद्दाम पसंत करतात. सौम्य काडतूस म्हणजे चांगले काडतूस हा नवशिक्यांचा समज इथे टिकत नाही.

त्यानंतर लांबी ठरवायची. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर असली, तरी प्रत्येक नळी ती स्वीकारतेच असे नाही. हे काडतूस पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकून नळीत स्थिरावते, आणि रुंद टोकाची गोळी जास्त बाहेर राहिली तर कड टेकण्याआधीच गोळी नळीतल्या आट्यांना भिडते. म्हणून आधी दारू आणि प्राइमरविना एक नकली काडतूस जुळवतात आणि पिस्तुलातून काढलेल्या नळीत ते सोडून पाहतात. ते टक् असा आवाज करत खाली बसले, बोटाने अडथळ्याविना फिरले आणि नळी उलटी करताच आपोआप बाहेर पडले, तर लांबी योग्य समजावी. जरा जरी अडकले तरी गोळी आणखी आत बसवावी. मात्र पुंगळीतली मोकळी जागा घटली की दाब झपाट्याने वाढतो, त्यामुळे लांबी बदलली की दारूचे माप पुन्हा तळापासून तपासावे लागते. पुंगळीचे तोंड शेवटी मिटताना ते किंचितच निमुळते करायचे असते, कारण जास्त आवळल्यास टेकायला कडच उरत नाही.

दारूचे माप प्रकाशित भरण-पुस्तिकेतल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू करून, गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफच्या साक्षीने थोडेथोडे वाढवायचे असते. दुसऱ्याच्या पिस्तुलासाठी जुळलेले माप उसने घेणे हा धोका आहे. इथेच अनेकजण एका आकड्याच्या मागे लागतात, तो म्हणजे वेगाचे प्रमाण विचलन, अर्थात प्रत्येक गोळीचा वेग सरासरीपासून साधारण किती हलतो त्याचे माप. ते एकआकडी यावे म्हणून दारूचा कण न् कण तोलला जातो, पण या खेळात त्या श्रमाला फारसा अर्थ नाही. १४७ ग्रेनच्या गोळीला मायनरसाठी सुमारे ८५० फुटांचा वेग पुरतो. सरासरी ८८५ असेल तर हाताशी पस्तीस फुटांची सवड राहते, आणि वेग दहा फुटांनी हलल्यास २५ मीटरवर गोळी वरखाली होते ती जेमतेम एक मिलिमीटर. सवड ठेवायची ती हवामानासाठी आणि स्पर्धेतल्या परक्या क्रोनोग्राफसाठी : काही दारू उन्हात तापल्या की वेग वाढवतात, काही उलट मंदावतात.

खरी दक्षता वेगळ्याच ठिकाणी हवी. वेगाने जळणारी दारू पुंगळीचा छोटासा भागच व्यापते, त्यामुळे प्रेसवर दोनदा भरली गेली तरी पुंगळी बाहेरून निर्दोष दिसते आणि पिस्तूल फुटू शकते; एकदाही भरली न गेल्यास एकट्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि मागून येणारी पुढची गोळी घात करते. दुप्पट भरताच ओसंडून वाहील अशी दारू निवडणे आणि गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावणे, हे दोन उपाय कोणत्याही महागड्या प्रेसपेक्षा मोलाचे आहेत.

स्पर्धेत अधिकारी नेमबाजाकडून आठ काडतुसे घेतात. एकातली गोळी काढून तोलली जाते आणि तीन झाडून सरासरी वेग काढला जातो. आकडा कमी पडल्यास आणखी तीन झाडून सहांतल्या सर्वाधिक वेगवान तिघांची सरासरी धरतात. मेजर हुकलेल्याचे गुण मायनरने मोजले जातात, तर १२५ खाली उतरलेल्याला स्पर्धा पुरी करता येते, पण बिनगुणांची. मात्र हा निकाल लागण्याआधी, दुसरी सरासरीही उणी पडल्यास, उरलेल्या आठव्या काडतुसाचे काय करायचे ते नेमबाजाने ठरवायचे असते : ते झाडून वेग वाढतो का पाहायचे, की गोळी उपसून ती पहिलीपेक्षा जड भरते का ते तोलायचे. ज्याने घरी आपल्या गोळ्यांची वजने आणि वेग दोन्ही वहीत टिपून ठेवले आहेत, त्याला यातले कोणते अधिक हलते हे आधीच ठाऊक असते.