कागदावरचे रूळ

आज शहापुरात प्लॉटरमधून ३६ इंची कागद हळूहळू बाहेर आला आणि त्यावर माझा कसारा घाट उतरला. प्रमाण मॉडेल रेल्वेचे एचओ, म्हणजे १:८७. खरा एक किलोमीटर इथे साडेअकरा मीटरचा. नकाशात मुद्दाम १०० मिलिमीटरची रेघ काढली होती. छापून झाल्यावर पट्टी लावली. रेघ नेमकी भरली आणि जीव भांड्यात पडला. ती कमी भरती, तर वळणावर रुळांचे सांधेच जुळले नसते.

१८६५ साली हा घाटमार्ग सुरू झाला. चढ ३७ला १. तेव्हा कातळ फोडणारे हात आज फार आठवले.

आमच्या मुरबाडला अजून रेल्वे नाही. रात्री घरी कागद पसरला, कोपऱ्यांवर तांब्या-वाट्या ठेवल्या. रूळ निदान अंगणापर्यंत आले.