नसलेल्या गोष्टीचा पुरावा

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मी भाषाविज्ञानाचा प्रबंध लिहीत होतो, तेव्हा माझी ऊठबस बहुधा पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांत असे. कोणी त्यांना ‘डायनासोर सापडला का?’ असे विचारले की ते वैतागत. मला मात्र त्यांचा वैताग अतिरेकी वाटे. पुरातत्त्व काय आणि पुराजीवशास्त्र काय, शेवटी खणायचेच ना!

इनामगावच्या उत्खननाविषयी वाचले आणि हा समज गेला. घोड नदीकाठच्या या गावी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तेथे दफने मिळाली. लहान मुले दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवून पुरलेली. प्रौढ मात्र खड्ड्यात उताणे, आणि बहुतेकांची पावले घोट्यापासून तोडलेली. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून असे करीत असावेत, असा तर्क आहे. मला अधिक विलक्षण वाटते ते हे, की पावले ‘नाहीत’ हे सिद्ध कसे झाले? खड्ड्याची कड अभंग दिसली, तरच ती मागाहून उंदरांनी वा उत्खनकाच्या कुदळीने नेली नाहीत असे म्हणता येते. ही कड म्हणजे केवळ मातीच्या रंगातला आणि पोतातला फरक. म्हणून चौरस आखायचे, मध्ये न खणलेल्या भिंती राखायच्या आणि थापी-कुंचल्याने एकेक थर उतरवायचा.

पुढे एका भूवैज्ञानिक मित्राबरोबर चंद्रपूर जिल्ह्यातील पिजदुऱ्यास गेलो. तेथे खणणे नव्हतेच. मान खाली घालून शेताशेतांतून चालणे होते. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या खडकांतले अवशेष झिजेने आणि नांगराने वर येतात. मित्राने एक तुकडा जिभेला लावला. सच्छिद्र हाड जिभेला चिकटते, दगड चिकटत नाही. (जिभेचा हा उपयोग आम्हांला कोणी शिकविला नव्हता!) येथे अवशेष आपला थर आधीच सोडून आलेला असतो, तो कोणत्या थरातला, हे उलट दिशेने शोधावे लागते. तथापि हरवलेला संदर्भ कधी अवशेषाच्या पोटातच मिळतो. येथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरांच्या काळी गवत होते हे कळले.

विद्यार्थी मित्रहो, परतल्यावर मी माझ्या प्रबंधाच्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. खाडीकाठच्या एका आजींच्या बोलीविषयी एका चिठ्ठीवर नोंद आहे : ‘दिरास हाक मारण्याचा शब्द – नाही.’ त्या वेळी पडवीत कोण कोण बसले होते, आजींचे दीर तेथे होते काय, हे मी टिपलेलेच नाही. शब्द बोलीत नव्हता, की आजींनी संकोचाने उच्चारला नाही? खड्ड्याची कड मीच मोडली होती. आजी आता नाहीत. ती नोंद मात्र प्रबंधात तशीच छापलेली आहे.