लाल पेन्सिलीच्या पलीकडले

इंग्रजी लिहिताना आपण मराठी माणसे ज्या चुका करतो, त्यांत अज्ञानाचा भाग समजतात तेवढा मोठा नसतो. पुष्कळ चुकांच्या पाठीशी मराठीचे व्याकरणच उभे असते. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य घ्या. ‘मी दहा वर्षांपासून येथे राहत आहे’ या निर्दोष मराठी वाक्याची ही सरळ छाया आहे. आपल्या ‘पासून’ला प्रारंभाचा क्षण आणि लोटलेला काळ हे दोन्ही सारखेच, इंग्रजीने मात्र पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ अशी वाटणी केली आहे, आणि वर ‘हॅव बीन लिव्हिंग’ असा काळही निराळा मागितला आहे. ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ येतो, तो आपल्या ‘जरी–तरी’च्या जोडीतला ‘तरी’. ‘डिस्कस्ड’नंतर ‘अबाउट’ येतो, कारण मराठीत चर्चा विषयावर होते.

माझे प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले आणि इंग्रजी मी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेच्या आधाराने शिकलो. त्या पद्धतीत वाक्य एका भाषेतून उचलून दुसरीत ठेवावयाचे असते. त्यामुळे कोणती वस्तू उचलताना निसटते, हे आपोआप कळते. ‘च’ हा असाच निसटणारा. ‘भाडे मार्चमध्येच देईन’ म्हणणारा ‘इन मार्च ओन्ली’ असे लिहितो. आपला ‘च’ ज्या शब्दावर भर द्यावयाचा त्यालाच बिलगून बसतो आणि पुष्कळदा निव्वळ आग्रह दाखवितो. ‘ओन्ली’ मात्र इतर सर्वांना वगळतो. इंग्रज वाचक समजेल की हा गृहस्थ एप्रिलमध्ये भाडे देणारच नाही!

‘अ’ आणि ‘द’ यांचे प्रकरण त्याहून गंमतीचे. मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून आपण ती कोठेही पेरतो किंवा गाळतो. परंतु जुना मराठी दस्तऐवज काढून पाहा. प्रथम ‘एक खोली’ असे लिहिलेले असते, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘सदर खोली’. हा ‘सदर’ म्हणजे आपल्या दस्तऐवज लिहिणाऱ्यांचा ‘द’च नव्हे काय? त्या शिरस्त्याने लिहिणाऱ्याला इंग्रजी करारनाम्यात ‘अ रूम’ आणि ‘द रूम’ यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही.

या सगळ्या चुका शाळामास्तरांची लाल पेन्सिल सहज पकडते. त्यांनी हसे होते, पण अर्थ बहुधा शाबूत राहतो. वकिलाला भय वाटते ते ज्या वाक्यांवरून पेन्सिल बिनदिक्कत निघून जाते त्यांचे.

आमच्या तालुक्यातील एका देवस्थानचे वृद्ध महाजन एकदा एक अर्ज घेऊन माझ्याकडे आले. अग्रशाळेसमोरचे दुकान भाड्याने देण्याचा प्रश्न होता. गोव्यात मामलेदार हेच देवस्थानांचे प्रशासक, आणि अर्ज त्यांच्याकडे इंग्रजीतून जावयाचा होता. “वकीलसाहेब, नातवाने तपासला आहे, तरी आपण एकदा नजरेखालून घाला,” ते म्हणाले. नातवाने ‘अबाउट’ खोडला होता, उपपदे जागच्या जागी बसविली होती. एका वाक्याला मात्र त्याने हात लावला नव्हता: ‘ऑल द मेंबर्स डिड नॉट कन्सेंट टू द लीज.’ त्यात व्याकरणाचा दोष काढता येत नव्हता.

मी विचारले, “काका, त्या दिवशी कोणीच संमती दिली नव्हती?”

“छे! सातांपैकी पाच अनुकूल होते. दोघांचाच विरोध होता.”

‘सर्व सभासदांनी संमती दिली नाही’ हे मराठी वाक्यही असेच दुतोंडी आहे. बोलताना आवाजाची चढउतार त्याला सावरते. कागदावर आवाज नसतो. वाचणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला असता, तर पाच जणांचा कौल एकमताचा नकार ठरला असता. मी ‘नॉट’ उचलून वाक्याच्या आरंभी, ‘ऑल’च्या मागे बसविला आणि पाच व दोन हे आकडेही घातले. काका कागदाकडे पाहत राहिले. “एक शब्द हलला तो!” एवढेच म्हणाले.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांची स्थिती फारशी निराळी नाही. अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी २०१४ साली दावा लावला. ज्या कामांना हा मोबदला लागू नव्हता त्यांची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणे, वितरण हे यादीतील स्वतंत्र काम. चालक म्हणत, सूट फक्त बांधणीला, मग ती पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. चालक माल पोहोचवीत, बांधीत नसत. शिवाय यादीतील बाकीच्या कामांची नावे ‘इंग’ने संपणारी, हे एकच ‘डिस्ट्रिब्यूशन’! आपल्याकडे शिक्षक शिकवितात तो समान रचनेचा नियम असा न्यायालयात उभा राहिला. खालच्या न्यायालयाने मालकाची बाजू घेतली होती. परंतु मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने शब्द संदिग्ध ठरवून, असे कायदे कामगारांच्या हिताने वाचावेत या न्यायाने चालकांच्या बाजूने निर्णय दिला. २०१८ साली तडजोड झाली ती ५० लाख डॉलरांची.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे, संसदेने अन्य तरतूद करीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतून चालते. उच्च न्यायालयाचे मूळ नियमाने इंग्रजीतूनच. तेव्हा फोंड्याचा असो, बेळगावचा असो वा इंदूरचा, आपल्या देवळाच्या जमिनीचा वाद वर गेला की या भाषेच्या स्वल्पविरामांशी त्याची गाठ पडतेच.

मेनच्या विधिमंडळाने त्या निकालानंतर कलम नव्याने लिहिले. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ काढून तेथे ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ लिहिले.