उर्फ

माझ्या आईची दोन नावं आहेत. माहेरचं एका नदीचं, सासरचं एका देवीचं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांवर वडिलांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं त्या क्षणी मागे पडलं. त्यासाठी ना स्टँपपेपर लागला, ना प्रतिज्ञापत्र. चाळीस वर्षं तेवढी नोंद पुरली.

देशातल्या देशात विमानानं जातानाही पुरली. विमानतळाच्या दारात सीआयएसएफचा जवान उभा असतो. मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना, यांतलं काहीही एक त्याला चालतं. तो कार्डावरचं नाव तिकिटाशी ताडून पाहतो, फोटो चेहऱ्याशी. आधारवरचा फोटो कुणाचाच चेहऱ्यासारखा नसतो, हे त्यालाही ठाऊक असतं. त्याचा प्रश्न साधा आहे : तिकिटावरचं माणूस ते तुम्हीच ना? आईची ही सगळी कार्डं सासरच्या नावाची, त्यामुळे तिचं उत्तर कधी अडलं नाही.

बहिणीला मस्कतला दिवस गेले आणि आईला पासपोर्ट काढायचं ठरलं. पासपोर्टचा प्रश्न वेगळा असतो : तुम्ही जन्मापासून तुम्हीच आहात का?

जन्माचा पुरावा म्हणून तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावर नाव नदीचं, आडनाव आजोबांचं आणि जन्मतारीख १ जून. आई जन्मली नागपंचमीच्या आदल्या दिवशी, पण शाळेत घालताना कुणाला तारीख सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिली. जूनमध्ये शाळा सुरू, तेव्हा मूल सहा वर्षांचं भरलं पाहिजे, इतका सरळ हिशेब. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. तारखेचं तिला काही वाटलं नाही. नावाचं मात्र वाटलं.

अर्जात एक रकाना आहे : तुम्हाला आणखी कुठल्या नावानं ओळखलं जातं का? म्हणजे उर्फ. आई हसली. "पेपरात चोरांच्या नावापुढे असतं तसं?" त्याखाली आणखी एक प्रश्न : नाव कधी बदललं आहे का? तिचं म्हणणं, मी नाही बदललं, बदलण्यात आलं. अर्जात 'हो' आणि 'नाही' एवढीच सोय होती.

दाखल्यावरची मुलगी आणि आधारवरची बाई एकच, हे सिद्ध करायला राजपत्रात जाहिरात दिली. 'जुने नाव', 'नवीन नाव'. राजपत्राची ती प्रत आईनं दोनदा वाचली. लग्नानंतर तिची दोन्ही नावं एकाच कागदावर शेजारी शेजारी आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. बहुधा तीही.

मग पोलीस पडताळणी. हवालदार घरी आला, शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात म्हणाला. समोरच्या काकू तीस वर्षांच्या शेजारीण. त्यांना विचारलं, या बाईंचं नाव काय? काकू घुटमळल्या. त्यांच्यासाठी ती कायम 'ताईची आई' होती. त्या माणसाला याची सवय असावी. त्यानं अर्जावरचं नाव वाचून दाखवलं, काकूंनी मान डोलावली आणि सही केली. आई चहा आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाबांचा पासपोर्ट तिच्या बरोबरीनंच काढला. त्यांच्या कागदांची फाइल पातळ होती. पाळण्यातलं नाव, दाखल्यावरचं नाव, पेन्शनच्या कागदावरचं नाव, सगळं एक. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि आपल्याला विचारलं नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आईचा पासपोर्ट आला. पहिल्या पानावर सासरचं आडनाव, मग तिचं नाव आणि बाबांचं नाव. बोर्डिंग पासवर ही शेवटची दोन्ही एकमेकांना चिकटून एकच लांबलचक शब्द झाला. विमान कंपन्यांची यंत्रणा मधली जागा खाऊन टाकते. आईनं मात्र शेवटचं पान उघडून ठेवलं होतं. तिथे वडिलांचं नाव छापतात. आजोबांचं पूर्ण नाव, आडनावासकट. "हे बरं केलं," एवढंच म्हणाली.

आता नियम पुष्कळ सैल झालेत. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची सक्ती नाही, आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव दिलं तरी चालतं. बहिणीनं लग्नानंतर नाव बदललंच नाही, त्यामुळे तिचं तिकीट, व्हिसा आणि शाळेचा दाखला एकमेकांशी भांडत नाहीत.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय घेतला : १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव. मी ही बातमी आईला वाचून दाखवली. चांगलं आहे, म्हणाली. मग भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "पण आईचं कुठलं नाव लिहायचं? माहेरचं की सासरचं?"