भंडाऱ्याचा एक देखावा

गेल्या कार्तिकात भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे जाण्याचा योग आला असता एका तलावाच्या पाळीवर बसून आम्ही पेन्सिलीने एक देखावा काढला. डावीकडे पाणी व त्यावर एक डोंगा. उजवीकडे पाळीखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. पलीकडे कौलारू गाव व त्यामागे जंगलाची रेघ. घरी मंडळींनी चित्र पाहून निसर्गशोभेची फार वाखाणणी केली. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु चित्र पुन्हा न्याहाळता त्यात निसर्गाचा वाटा किती थोडा आहे, हे ध्यानी आले.

ते पाणी मनुष्याने अडविलेले आहे. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. त्यांतील पुष्कळ तलाव गोंड राजांच्या अमदानीत कोहळी शेतकऱ्यांनी बांधले. इंग्रजी अमलात सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर आली व गावाबरोबर तलावाची मालकीही त्याच्याकडे गेली. १९५१ साली मालगुजारी नष्ट होऊन तलाव सरकारजमा झाले. मात्र पाळीची डागडुजी व गाळ काढणे ही कामे ठिकठिकाणी मागे पडली. पाण्याच्या कडेस शोभेची म्हणून आम्ही जी बेशरमाची दाट झुडपे हौसेने रेखाटली, ती वस्तुतः या हेळसांडीची खूण होती!

जे काढले त्याहून जे गाळले ते अधिक लाजविणारे ठरले. डोंगा काढला, पण जाळे ओढणारा ढिवर काढला नाही. बांध्या काढल्या, पण त्यांत वाकून धान कापणाऱ्या बाया कागदावर आल्या नाहीत. इंग्रज चित्रकार गेन्सबरो याने सुमारे १७५० साली अँड्र्यूज नामक जमीनदार दांपत्याचे चित्र काढले. त्यात कापलेल्या धान्याच्या पेंढ्या आहेत, कापणारा मात्र एकही नाही. तेथे चित्र काढविणारा धनी तरी होता. आमच्यावर कोणाचा दाब होता?

गावाबाहेरील दलित वस्ती तर आम्ही कागदाच्या कडेस दोन रेघांत उरकली होती. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेसाठी उभे राहिले व पराभूत झाले. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. तरीही पाळीवर बसलेल्या आमच्या नजरेस त्या घरांहून आम्रवृक्षांची रांग अधिक चित्रयोग्य वाटली. ही निवड आमच्या हाताने केली खरी, पण त्या हातास तसे वळण पिढ्यानपिढ्यांच्या सवयीने लावले होते.

आम्ही ते चित्र फाडले नाही. पुढील खेपेस त्याच पाळीवर बसून, ढिवरास व कापणीच्या बायांस विचारून, दुसरे काढण्याचे योजिले आहे. आपल्या घरची मुले सुट्टीत देखावे काढतील, तेव्हा वाचकांनी रंगांची तारीफ अवश्य करावी. परंतु हे पाणी कोणी अडविले, हे शेत कोण कापते आणि ती माणसे चित्रात कोठे आहेत, एवढेही प्रेमाने विचारावे, अशी आमची विनंती आहे.